स्वप्नाविषयी बोलल्याने ते वाढेल का?

युद्धाच्या भयस्वप्नांनी त्रासलेल्या माजी सैनिकांवर मी उपचार करते. त्यांच्या पत्नी मला बहुधा एकच प्रश्न विचारतात: "युद्धातल्या त्या रात्रीविषयी त्यांना बोलते केले, तर स्वप्ने आणखी वाढणार नाहीत ना?" सातारा जिल्ह्यातील एका निवृत्त हवालदारांच्या पत्नीनेही तेच विचारले होते (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). हवालदार १९९९ च्या कारगिल युद्धात द्रासच्या चढावर लढले होते. मुलगा सैन्यात भरती झाला आणि तिथे गमावलेल्या साथीदाराचे, इतकी वर्षे अधूनमधून पडणारे स्वप्न रोज पहाटे पडू लागले. झोपेसाठी ते रम घेत. दारूने पूर्वरात्र शांत जाते, पण तिचा अंमल ओसरला की दबलेली स्वप्ने उत्तररात्री उसळून येतात, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

माझा भर स्वप्न नव्याने लिहिण्यावर असतो. जागेपणी ते कागदावर उतरवायचे, त्याला हवे ते वळण द्यायचे आणि ते नवे स्वप्न रोज दिवसा दहा-पंधरा मिनिटे डोळे मिटून पाहायचे. हवालदारांनी वही मिटली.

"खोटे कसे लिहू, मॅडम? तो गेला, हे बदलत नाही."

"स्वप्नात तो काय करतो?"

"पाणी मागतो. माझे पाय हलत नाहीत."

"आणि त्या रात्री?"

ते बराच वेळ गप्प राहिले. "त्या रात्री तो काहीच बोलला नाही. गोळी लागताच गेला."

म्हणजे त्यांच्या मनाने ती घटना आधीच बदलली होती, आणि तीही त्यांनाच दोषी ठरवणारी. माझ्या इतक्या वर्षांच्या कामाचे सार मला त्या क्षणी गवसले: आपण इतिहासाला हात लावत नाही, स्वप्नाने रचलेला आरोप तेवढा खोडतो. त्यांनी त्याच दिवशी लिहिले, 'मी त्याच्यापर्यंत पोहोचलो, बाटली उघडली.' सातव्या आठवड्यात म्हणाले, "काल आला होता. पाणी पिऊन गेला."

तेव्हा भगिनींनो, मार्गदर्शनाखाली बोलल्याने स्वप्ने कायमची वाढत नाहीत. सुरुवातीचे काही दिवस झोप चाळवू शकते, म्हणून आम्ही नव्याने लिहायला आधी एखादे सौम्य स्वप्न निवडतो. दचकून उठणाऱ्या पतीला हलवून जागे करू नका. दिवा लावा आणि थोडे दूर उभे राहून नेहमीची हाक मारा. रोजची दारू एकदम बंद न करता डॉक्टरांच्या सल्ल्याने कमी करा. मोठे घोरणे आणि मध्येच श्वास अडकणे असेल, तर त्याचीही तपासणी हवी. जीव नकोसा झाल्याची भाषा ऐकू आली, तर मात्र वहीची वाट न पाहता त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञांकडे न्या.