आर्किकॅडमध्ये (इमारतीचं थ्रीडी मॉडेल बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये) छपराचे बीम ट्रिम केले की काही नीट कापले जातात आणि काही छपरातून वर डोकावत राहतात. सगळे एकदम कसे कापायचे?

सगळे एकदम कापायचा विचारच आधी सोडून द्या, असं मी म्हणेन. पण तुम्ही विचारलंय तर ते आधी सांगते.

काही बीम कापले जात नाहीत याची नेहमीची कारणं थोडीच आहेत. ट्रिम म्हणजे बीम छपराला जोडून त्याच्या पातळीवर कापणं, आणि ही जोडणी एकेका घटकाची असते. त्यामुळे ट्रिम केल्यानंतर नव्याने टाकलेला बीम छपराला ओळखत नाही, तो निवडून पुन्हा ट्रिम करावा लागतो. दुसरं, छपराच्या सेटिंगमध्ये ट्रिमिंग बॉडी, म्हणजे छप्पर जिथपर्यंत कापतं ती हद्द, ‘काँटूर्स डाउन’ (छपराच्या बाहेरच्या कडेपर्यंत) आहे की ‘पिव्हट लाइन्स डाउन’ (जिथून उतार मोजला जातो त्या रेषेपर्यंत) ते बघा. पिव्हट लाइन भिंतीवर असेल तर वळचणीकडे बाहेर गेलेला बीमचा तुकडा त्या हद्दीच्या बाहेर पडतो आणि कापणी भलतीच होते. तिसरं, लेयरचे इंटरसेक्शन गट क्रमांक, म्हणजे कोणत्या लेयरचे घटक एकमेकांना छेदतील ते ठरवणारे आकडे, तपासा.

एवढ्याने चित्र दुरुस्त होईल. छप्पर दुरुस्त होईलच असं नाही.

मी हे इतक्या ठामपणे लिहितेय त्याला कारण आहे. आमच्या ऑफिसात एका हॉलचं चारही बाजूंनी उतरतं छप्पर होतं. उतार 30 अंश, भिंतीपासून आढ्यापर्यंतचं आडवं अंतर 4 मीटर, बीम 100 बाय 200 मिमीचे. आमच्या वरिष्ठ सरांची पद्धत ठरलेली होती: बीम हवे तेवढे लांब ओढायचे, छपराच्या आरपार जाऊ द्यायचे, मग सॉलिड एलिमेंट ऑपरेशनमध्ये (एका घटकाने दुसऱ्याचा आकार कापायच्या आज्ञेत) छपराला ऑपरेटर, म्हणजे कापणारा घटक, करून ‘वरच्या दिशेने वजाबाकी’ मारायची. थ्रीडीत अगदी देखणं दिसायचं. मी म्हणाले, “सर, बीम मुळात योग्य जागी ठेवूया, कापायची गरजच कमी पडेल.” सर म्हणाले, “अगं, आत कोण बघायला जातंय? मॉडेल म्हणजे चित्र. मापं साइटवर घेतात.”

मग उंची कमी करायचं ठरलं आणि उतार 25 अंशांवर आला. छपराचा उतार बदलला, पिव्हट लाइन भिंतीवरच राहिली. बीम मात्र 30 अंशांवरच. म्हणजे आता ते छपरापेक्षा जास्त चढे होते, आणि ऑपरेशन इमानाने आपलं काम करत होतं: छपराच्या वर जे जाईल ते उडव. 4 मीटरवर दोन्ही उतारांच्या उंचीत 444 मिमीचा फरक पडतो. 200 मिमी खोलीच्या बीमची 30 अंशांवर उभी जाडी 231 मिमी होते. तेव्हा हिशेब साधा आहे, भिंतीपासून दोन मीटरच्या थोडं पुढे गेल्यावर बीम उरलाच नव्हता. वरचा जवळजवळ अर्धा भाग हवेत विरला होता. खाली फॉल्स सीलिंग, वर छपराचं आवरण, त्यामुळे बाहेरच्या किंवा आतल्या एकाही व्ह्यूमध्ये ते दिसेना. आणि यादीत? मॉडेलमधून काढलेल्या बीमच्या मापांच्या यादीत अक्षरेषेची, म्हणजे बीम ज्या रेषेवर काढला तिची, लांबी घेतलेली, ती आपली जुनीच, 4.62 मीटर. 25 अंशांना ती 4.41 मीटर व्हायला हवी होती. तीच यादी बीम बनवणाऱ्याकडे गेली. त्याने सेक्शन (उभं छेदचित्र) उघडून बघितला म्हणून फोन तरी आला.

सर म्हणाले, सॉफ्टवेअरने घोळ घातला. सॉफ्टवेअरने काहीही घोळ घातला नव्हता. वजाबाकी आकार कापते, अक्षरेषेला हातही लावत नाही. ज्या मॉडेलमधून यादी निघते ते मॉडेल चित्र नसतं, हे मी तेव्हाही म्हणत होते आणि आजही म्हणते.

ते छप्पर नंतर मी नव्याने बांधलं. क्रम उलटा ठेवला. आधी सेक्शनमध्ये उताराच्या रेषा पक्क्या केल्या, त्या रेषेवर बीमचा माथा बसवला, म्हणजे अक्षरेषा बीमच्या माथ्यावर ठेवून बीमला तोच उतार दिला, आणि छपराचं आवरण सगळ्यात शेवटी वर ठेवलं. छप्पर बीमवर बसतं, बीम छपराला लटकत नाही. टोकं कापायला वजाबाकी कशाला? आवृत्ती 23 पासून, म्हणजे 2019 पासून, बीमच्या टोकाला उभा, आडवा, लंब किंवा हव्या त्या कोनाचा काप थेट सेटिंगमध्ये देता येतो. आढ्याशी उभा काप, वळचणीशी आराखड्यात असेल तो. हा काप बीमचा स्वतःचा असतो, छप्पर हललं तरी जागेवर राहतो.

तुमचे डोकावणारे बीम बहुतेक कोनवासे, म्हणजे छपराची दोन पाखी (उतरत्या बाजू) मिळतात त्या कोपऱ्यावरचे तिरपे बीम, असणार. तिथेच लोक फसतात. दोन्ही पाख्यांचा उतार 30 अंश आणि कोपरा काटकोनी असेल तर कोनवाशाचा उतार 30 नसतो, 22.2 अंश असतो, कारण उंची तेवढीच पण आडवं अंतर √2 पट. त्याला 30 दिलात तर तो वर येणारच, मग ट्रिम करून तो पुरावा तुम्ही स्वतःच पुसून टाकता. आणि 22.2 बरोबर दिलात तरी 100 मिमी रुंद बीमच्या माथ्याच्या दोन्ही कडा छपरातून सुमारे 20 मिमी वर राहतात, कारण दोन्ही पाखी मधल्या रेषेपासून खाली उतरतात. मग एकतर कोनवासा तेवढा खाली घ्या, नाहीतर माथा दोन्ही बाजूंनी 20.7 अंशांनी तासलेलं कॉम्प्लेक्स प्रोफाइल (स्वतः काढलेला बीमचा छेद) करा. लाकूड असेल तर मी तासलेलं प्रोफाइलच करते. पोलादी बीम असेल तर खाली घेणं बरं, त्याची फ्लँज (वरची आडवी पट्टी) कोणी तासत बसणार नाही.

बीमला बीम भिडतो तिथे बिल्डिंग मटेरिअलची प्रायॉरिटी, म्हणजे कोणतं मटेरिअल कोणाला कापेल तो क्रम, बघा. दोन्हीकडे एकच मटेरिअल असेल तर ते एकमेकांत मिसळलेले दिसतात आणि कोण कोणावर टेकलाय ते कळत नाही.

हां, वक्र शेलखाली (घुमटासारख्या वळणदार छपराखाली) बीम असतील तर मात्र ट्रिमशिवाय गत्यंतर नाही, तिथे मीही वापरते. सुरुवातीच्या कल्पनाचित्रांसाठीही खुशाल वापरा, त्यातून कोणी यादी काढत नाही. आणि टोकाला खाच किती खोल चालेल हे स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा, ते सॉफ्टवेअर सांगणार नाही.

ट्रिम ठेवायचंच असेल तर यादी पाठवण्याआधी फाइलची एक प्रत काढा, छपराचा उतार पाच अंशांनी कमी करा आणि आढ्याजवळ सेक्शन घ्या. तिथे बीम पातळ झालेला दिसला, तर समोर कोण बसलंय ते न बघता यादी थांबवा.