शेजारच्या मुलाला रक्ताचा कर्करोग झाला आहे, त्या कुटुंबाला कशी मदत करावी?
आपण सांगलीतून विचारले आहे, म्हणून माझ्या मुलीच्या आजारपणात मिरजेच्या वाऱ्या करताना जे शिकलो, तेच लिहितो. लहान मुलांमधील तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगाचे उपचार साधारण 2 ते 3 वर्षे चालतात. त्यामुळे पहिल्या आठवड्यातील गर्दीपेक्षा सहाव्या महिन्यात आलेला डबा अधिक मोलाचा असतो.

दात्यांकडून घेतलेल्या प्लेटलेट (रक्त गोठण्यास मदत करणाऱ्या पेशी) जेमतेम 5 दिवस टिकतात, म्हणून सर्वांनी एकाच दिवशी रक्तपेढीत न जाता इच्छुक दात्यांची यादी करून, मागणी येईल तसे जावे. अस्थिमज्जा प्रत्यारोपणाची शक्यता असल्यास रक्ताच्या नातेवाइकांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय रक्त देऊ नये. त्यामुळे शेजाऱ्यांची जबाबदारी खरोखरच मोठी आहे. केमोथेरपीनंतर पांढऱ्या पेशी घटतात आणि साधा संसर्गही जिवावर बेतू शकतो, म्हणून सर्दी-खोकला असताना भेटीला जाऊ नये, अन्न ताजे व पूर्ण शिजवलेले न्यावे. ताप 38 अंश सेल्सिअसवर गेला तर मध्यरात्रीसुद्धा रुग्णालयात नेण्यासाठी कोणाची गाडी तयार असेल, हे आधीच ठरवावे.

आमची मुलगी वाचली नाही. तेराव्यानंतर घर एकदम रिकामे झाले. लोक तिचे नाव घेणेही टाळू लागले. एक शेजारीण मात्र दर गुरुवारी येऊन तिच्याबद्दल बोलत असे, आणि माझी पत्नी त्या दिवशी व्यवस्थित जेवत असे.