जॉन केरी यांनी २००३ मध्ये इराक युद्धाच्या ८७ अब्ज डॉलरविरुद्ध मत दिलं, ती सैनिकांशी दगाबाजी नव्हती का? आणि ‘आधी बाजूने, मग विरोधात’ हे त्यांचं म्हणणं खरं होतं का?

नाही, दगाबाजी नव्हती. केरी तेव्हा डेमोक्रॅटिक पक्षाचे सिनेटर होते आणि २००४ मध्ये राष्ट्राध्यक्ष बुश यांच्याविरुद्ध उभे राहिले. हाच शब्द मी २००४ च्या दिवाळीत माझ्याच घरी, पानावर बसलेली असताना ऐकला आहे, म्हणून लिहिते आहे.

तेव्हा आम्ही ओहायोत, कोलंबसला राहायचो. मी एका प्रयोगशाळेत कामाला होते. माझ्या शेजारी काम करणाऱ्या बाईंचा मुलगा नॅशनल गार्डमध्ये, म्हणजे अर्धवेळ राखीव सैन्यात, होता. महिन्यातून एक शनिवार-रविवार कवायत आणि त्या बदल्यात कॉलेजच्या फीला हातभार, एवढा हिशोब करून पोरगा भरती झालेला. २००३ मध्ये बोलावणं आलं आणि तो इराकला गेला, मालाचे ट्रक चालवायला. जूनमध्ये त्याचा फोन आला. अंगावरचं जाकीट जुन्या धाटणीचं होतं, बॉम्बच्या उडालेल्या कपच्या अडवणारं. रायफलच्या गोळीपुढे त्याचा उपयोग नव्हता. नव्या इंटरसेप्टर जाकिटात पुढे-मागे सिरॅमिकच्या प्लेटा बसतात, त्या आघाडीवरच्या तुकड्यांना आधी मिळत होत्या. ट्रकवाल्यांची पाळी मागाहून. पण त्या युद्धात आघाडी कुठे होती? हल्ले रस्त्यावरच होत होते, ट्रकांवरच होत होते.

बाईंनी प्लेटा स्वतः विकत घ्यायचं ठरवलं. त्या वर्षी अमेरिकेत कितीतरी आईबापांनी हेच केलं. जगातल्या सगळ्यात श्रीमंत सैन्यातल्या पोरासाठी आम्ही जेवणाच्या सुट्टीत वर्गणी काढली. मी शंभर डॉलर दिले. खोकं आमच्याच टेबलावर बांधलं. प्लेटांच्या मध्ये मोजे कोंबले, वर चिकटपट्टीचे चार-चार फेरे मारले. मी ते उचलून पाहिलं तर दोन हातांनीही पेलवेना, आणि हे वजन तो पोरगा त्या उन्हात छातीवर घेऊन फिरणार हा विचार मनातून जाईना. जुलैत पार्सल गेलं.

जुलै २००३. ही तारीख धरून ठेवा, कारण ८७ अब्जांचं मतदान १७ ऑक्टोबरला झालं. विधेयक ८७ विरुद्ध १२ मतांनी मंजूर झालं. त्याआधीचा मोठा युद्धनिधी, ७८ अब्जांच्या वरचा, सिनेटने एप्रिलमध्ये मंजूर केला तेव्हा विरोधात एकही मत पडलं नव्हतं. म्हणजे पैसा एकमताने मिळाला होता आणि तरी जाकीट नव्हतं. पुढे २००५ मध्ये सरकारच्याच लेखापरीक्षकांनी कारणं दिली: कच्चा माल अपुरा, कारखान्यांची क्षमता अपुरी, तयार झालेलं वाटण्यात गोंधळ. युद्धात उतरायची घाई कोणी केली, तयारी कोणी केली नाही, ते सगळ्यांना ठाऊक आहे. एका सिनेटरच्या मताशी याचा काडीचा संबंध नाही.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल. ते वाक्य केरी मार्च २००४ मध्ये वेस्ट व्हर्जिनियात बोलले आणि बुश यांच्या प्रचारकांनी त्याची जाहिरात केली. वाक्य बोलायला वाईट होतं, पण खोटं नव्हतं. बायडन आणि केरी यांनी दुरुस्ती मांडली होती की हे ८७ अब्ज कर्ज काढून आणू नका, अतिश्रीमंतांना दिलेली करसवलत थोडी मागे घेऊन उभे करा. ती ५७ विरुद्ध ४२ मतांनी बाजूला सारली गेली. केरी त्या दुरुस्तीच्या बाजूने होते. ती पडल्यावर, उसन्या पैशाच्या विधेयकाला त्यांनी नकार दिला. यात कोलांटउडी कुठे आहे?

आणि बुश? इराकच्या पुनर्बांधणीची अर्धी रक्कम मदत म्हणून न देता कर्जाऊ द्या, असं सिनेटने ठरवलं तेव्हा याच विधेयकावर व्हेटो वापरण्याची धमकी व्हाइट हाउसने दिली होती. २००७ मध्ये तर बुश यांनी युद्धनिधीचं विधेयक खरोखरच नाकारलं, कारण त्यात सैन्य माघारीचं वेळापत्रक होतं. अटी पटत नाहीत म्हणून राष्ट्राध्यक्षाने पैसा अडवला तर तो कणखर, आणि सिनेटरने नाही म्हटलं तर गद्दार? अमेरिकेच्या राज्यघटनेत सैन्यासाठीची तरतूद एका वेळी दोन वर्षांपेक्षा जास्त काळासाठी करता येत नाही, ती मुद्दाम. राजाने सैन्य बाळगावं आणि संसदेने मुकाट पैसे मोजावेत, हे घटना लिहिणाऱ्यांना नको होतं. एकदा लढाई सुरू झाली की लोकप्रतिनिधीच्या हातात थैलीची दोरी तेवढी उरते. तीही ओढायची नाही तर त्याला तिथे बसवायचं कशाला?

२००४ ची निवडणूक ही माझी इथली पहिली. ओहायोवरच सगळं अडलं होतं आणि ओहायो बुश यांच्याकडे गेलं. दहा दिवसांनी दिवाळी होती. माझे मोठे दीर सहकुटुंब आलेले. जेवताना भाऊजी म्हणाले, “तुझ्या केरीने पोरांना उघडं पाडलं. दगाबाज माणूस. जाहिरात पाहिली नाहीस का?” मी पार्सलाचं सांगायला तोंड उघडलं तर म्हणाले, “तुला काय कळतं त्यातलं?” सासूबाई समोर होत्या. मी वाढायला उठले.

त्याहून जिव्हारी लागलं ते प्रयोगशाळेत. जिने स्वतःच्या हाताने ते खोकं बांधलं, तीच मला म्हणाली की केरीने माझ्या मुलाच्या जाकिटाविरुद्ध मत दिलं. मी तिला तारखा सांगितल्या नाहीत. मुलगा तिकडे होता, तिच्याशी वाद कुठल्या तोंडाने घालणार? तो सुखरूप परत आला. स्वतः घेतलेल्या साहित्याचे पैसे, एका वस्तूला ११०० डॉलरपर्यंत, परत देण्याचा कायदा २००४ च्या ऑक्टोबरात झाला, आणि संरक्षण खात्याने त्याचे नियम काढायला आणखी वर्ष घालवलं.

केरी धुतल्या तांदळासारखे होते असं मी म्हणत नाही. २००२ मध्ये युद्धाचा अधिकार देण्याच्या बाजूने त्यांनीच मत दिलं, ते मी अजून माफ केलेलं नाही. निधीच्या मतदानाआधी काही आठवडे टीव्हीवर ते म्हणाले होते की सैन्याला वाऱ्यावर सोडणं बेजबाबदारपणाचं ठरेल. पक्षांतर्गत शर्यतीत युद्धविरोधी हॉवर्ड डीन पुढे निघाले होते, त्याचा दबाव असणारच. आणि विधेयक मंजूर होणार हे माहीत असताना ‘नाही’ म्हणणं सोपं असतं, हेही खरं. पण मताचं कारण संमिश्र होतं म्हणून ते मत चुकीचं ठरत नाही.

तुमचा वाद घरात कोणाशी चालला असेल तर जाहिरातीवर बोलू नका, तारखा विचारा. एक तारीख आणखी देते: ३ नोव्हेंबर २००३. याच निधीचा अंतिम मसुदा सिनेटने त्या दिवशी आवाजी मतदानाने मंजूर केला. सभागृहात मोजके सिनेटर होते आणि वयोवृद्ध रॉबर्ट बर्ड मोठ्याने ‘नाही’ म्हणाले. बाकीच्यांपैकी कोणाचंच नाव बाजूने वा विरोधात नोंदलं गेलं नाही.

भाऊजी इथे वाचतात, मला माहीत आहे. भाऊजी, पार्सल जुलैत गेलं, मत ऑक्टोबरात पडलं. त्या पोराला उघडं कोणी पाडलं, ते आता तुम्ही सांगा.