नळी कापू नकोस, दस्ता मापात आण

भाऊ, वडिलांची .३१५ बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या छिद्राचं माप) रायफल परवान्यासह तुझ्या नावावर झाली, हे चांगलं झालं. आता तू विचारतोस की ती मचाणावर अडते, वागवायला लांब पडते, तर नळी १६ इंचांवर कापून आणि पुढे दुर्बीण बसवून तिची 'स्काउट', म्हणजे आखूड आणि हलकी रायफल, करता येईल का. माझ्याकडे याच जातीची रायफल २२ वर्षं आहे आणि कपाशी-तुरीच्या वावरात तिच्यासोबत कितीतरी रात्री जागल केली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नळीला हात लावू नकोस. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ६ प्रमाणे वेगळ्या परवान्याशिवाय बंदुकीची नळी आखूड करणं हा गुन्हा आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान ७ वर्षांची शिक्षा आहे. तुझा परवाना रायफल बाळगण्याचा आहे, तिच्यात असा बदल करण्याचा नाही. कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी हाती काही लागत नाही. .३१५ ची गोळी जवळपास १६ ग्रॅमची, जड आणि मुळातच संथ. नळी कापली की वेग आणखी उतरतो, आवाज आणि जाळ वाढतो, आणि नळीच्या टोकाची माशी (नेम धरायचा उंचवटा) कापलेल्या तुकड्यासोबत निघून जाते.

स्काउट रायफल ही कल्पना अमेरिकेतले नेमबाजीचे जाणकार जेफ कूपर यांची, १९८० च्या दशकातली. लांबी १ मीटरच्या आत, वजन ३ किलोच्या आसपास, बोल्ट अॅक्शन (दर गोळीला हातानं बोल्ट मागेपुढे करायची रचना), कमी ताकदीची दुर्बीण नळीवर पुढे सरकवलेली, आणि खांद्यावर वागवता येईल व नेम धरतानाही कामी येईल असा पट्टा. काडतूस .३०८, म्हणजे ७.६२ मिलिमीटरच्या घरातलंच. आपल्याकडे .३०३ आणि ७.६२ हे बोअर प्रतिबंधित आहेत, म्हणून ती रायफल जशीच्या तशी तुझ्या परवान्यावर येणार नाही. पण कूपर यांचा मूळ आग्रह वेगळाच होता: एका माणसानं दिवसभर वागवावी आणि खांद्याला लावताच ती अंगाची व्हावी. तेवढं तुझ्या .३१५ मध्ये साधता येतं. तिची अॅक्शन ली-एनफिल्ड या जुन्या ब्रिटिश लष्करी रायफलीच्या घराण्यातली आहे. बोल्ट थोडाच उचलावा लागतो, हात झटकन फिरतो. ही मोठी जमेची बाजू तुझ्याकडे आधीच आहे.

सगळ्यात जास्त फरक दस्त्यानं, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या लाकडी भागानं पडतो. कोपर काटकोनात वाक, दस्त्याची टाच कोपराच्या खोबणीत टेकव आणि तर्जनी चापाकडे ने. बोटाचं पहिलं पेर चापावर आलं पाहिजे. बोट ताणावं लागत असेल तर दस्ता तुझ्यासाठी लांब आहे. हे माप उन्हाळ्यात बनियनवर घेऊ नकोस. हरभऱ्याच्या जागलीला स्वेटर आणि वरून घोंगडी असते, आणि तेवढ्यानं दस्ता अर्धा इंच लांब झाल्यासारखा वाटतो. माझ्या रायफलीचा दस्ता पाऊण इंच कमी करून मागे रबरी गादी बसवून घेतली, तर खांद्याचा धक्का सौम्य झाला आणि मचाणाच्या बल्लीला अडकणंही थांबलं. काम मात्र दुरुस्तीचा परवाना असलेल्या दुकानातच करून घे, आणि रायफल तिथे ठेवताना पावती घे. लाकडाला चिकटपट्टी गुंडाळून मगच करवत लावायला सांग, नाहीतर कडेला ढलप्या निघतात.

पट्ट्याकडे लोक दुर्लक्ष करतात. कूपर ज्याला 'चिंग स्लिंग' म्हणत, त्यात दंडाभोवती घट्ट बसणारा एक फास असतो. चामड्याच्या चांगल्या कारागिराला नमुना दाखवला तर तो करून देतो. उकिडवं बसून डावा दंड त्यात अडकवला की माशी थरथरायची थांबते. १०० मीटरवर मला दुर्बिणीपेक्षा याचा जास्त उपयोग झाला.

पुढच्या दुर्बिणीबाबत माझा अनुभव वाईट आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका दुकानात नळीला छिद्रं पाडून तिचा पाया बसवून घेतला. दहाव्या फैरीनंतर गोळ्या डावीकडे सरकायला लागल्या. दुसऱ्या कारागिरानं पाया उचलून दाखवला, तर एका छिद्राखाली लोखंडाचा नुसता पापुद्रा उरला होता. त्यानं नळी वापरूच नका म्हणून सांगितलं. आणि पाया नीट बसला असता तरी दुर्बीण पुढे असली की मावळतीचं ऊन पाठीमागून थेट काचेत शिरतं आणि समोरचं सगळं पांढरं होतं. आपल्याला रायफल लागते ती याच वेळी. मागची साधी खाच काढून तिथे बारीक गोल छिद्राची पट्टी बसवता आली तर ती बघ. डोळा आपोआप मधोमध येतो.

बोल्ट कधी दुसऱ्या रायफलीशी बदलू नकोस. काडतुसामागची जागा प्रत्येक रायफलीला जुळवलेली असते. सफाईला बोल्ट मागे ओढ, त्याचं डोकं वर फिरव, तो निघून येतो. मग गज मागच्या बाजूनं घाल, तोंडाकडून नको. निवडणुकीच्या काळात पोलिसांकडे जमा केलेली रायफल परत आली की त्याच दिवशी तेल दे.

आता जे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. रोही (नीलगाय) किंवा रानडुक्कर पिकात शिरलं म्हणून परवान्याच्या जोरावर गोळी झाडता येत नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ लागू आहे, वनविभागाची लेखी परवानगी हातात हवी. ती असली तरी आपला मुलूख सपाट आहे. चुकलेली गोळी किलोमीटरच्या पुढे सहज जाते, आणि धुऱ्यापलीकडे कुणीतरी तुझ्यासारखाच जागलीला बसलेला असतो. शेकोटी विझली की तो दिसतही नाही. म्हणून गोळी झाडायची ती मचाणावरून खालच्या दिशेनं, जनावरामागे माती दिसत असेल तरच. चढताना रायफल रिकामी, बोल्ट उघडा. आधी तू चढ, मग दोरीनं ती नळी खाली ठेवून वर ओढ.

कोपर ते चापाचं माप स्वेटर घालून घे आणि मला कळव, किती कापायचं ते सांगतो.