पाल लघवी कुठे करते?

प्रश्न : बाई, आमच्या देवघरातल्या तसबिरीमागे एक पाल राहते. रोज सकाळी झाडताना तिच्या लेंड्या सापडतात. काळ्या असतात, पण एका टोकाला पांढरा ठिपका असतो. आई म्हणते, पाल भिंतीचा चुना चाटते, तोच तो. खरं का? आणि पाल लघवी कुठे करते? कधीच कुठे ओलं दिसत नाही.
– इयत्ता नववीतली एक वाचक, कुडाळ

उत्तर : तुझे प्रश्न दोन असले तरी उत्तर एकच आहे. ते पांढरं टोक हीच पालीची लघवी.

आईचा तर्क तसा वाईट नाही. पण ऑइलपेंट मारलेल्या फ्लॅटमधल्या पालीची लेंडीही अशीच पांढऱ्या टोकाची असते. तिला तिथे चुना कोण देणार?

मी शाळेत शिकवत होते तेव्हा एका पोराने हाच प्रश्न विचारला होता. दुसऱ्या दिवशी तो आगपेटीतून चार लेंड्या घेऊन आला. काळा भाग आम्ही सुईने फोडून सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर आत डासाचा पंख आणि मुंगीचं डोकं! म्हणजे तो नुसता न पचलेला चोथा. तोंडातून शिरला, आतड्यातून सरकत बाहेर पडला. याला मलविसर्जन म्हणायचं, उत्सर्जन नव्हे. उत्सर्जन म्हणजे शरीराच्या आतल्या कामातून तयार झालेला टाकाऊ माल बाहेर टाकणं. परीक्षेत निम्मा वर्ग इथेच गुण घालवतो.

पांढरा भाग चिनी मातीच्या बशीत घेतला, वर नायट्रिक ॲसिडचे दोन थेंब टाकले आणि कोरडं होईस्तोवर मंद तापवलं. तांबूस-पिवळा डाग उरला. काचेच्या कांडीने त्याला अमोनियाचा थेंब टेकवला, तर डाग जांभूळ खाल्लेल्या जिभेसारखा झाला. युरिक ॲसिडची ही जुनी खूण. हे ॲसिड शेले नावाच्या रसायनशास्त्रज्ञाला 1776 मध्ये मुतखड्यात सापडलं होतं.

आता ही भानगड मुळात का? मुंगी असो की मुगाची उसळ, प्रथिनं पचून शरीरात वापरली गेली की त्यांतला नायट्रोजन अमोनियाच्या रूपात उरतो, आणि अमोनिया हे विष आहे. ते किती जहाल, हे मला पुस्तकाने नाही, नातवाच्या मत्स्यपेटीने शिकवलं. नवी पेटी, सहा गोल्डफिश, पाणी आरशासारखं स्वच्छ. आठवड्यात चार मासे पोट वर करून तरंगायला लागले. मासे कल्ल्यांमधून अमोनिया सरळ पाण्यात सोडतात. नदीत तो वाहून जातो, आणि जुन्या पेटीत त्याचा फडशा पाडणारे जिवाणू वाढलेले असतात. नव्या पेटीत यातलं काहीच नसतं. आयुष्यभर जीवशास्त्र शिकवलेल्या बाईने मासे मारले म्हणून घरात अजून टोमणे ऐकते.

एक ग्रॅम नायट्रोजन अमोनियाच्या रूपात टाकायचा तर ढोबळ मानाने अर्धा लिटर पाणी खर्ची पडतं. माशाचं काय जातंय? तो पाण्यातच राहतो. आपल्याला ते परवडत नाही, म्हणून आपलं यकृत अमोनियाचा युरिया करतं. तो सौम्य, आणि साधारण दहाव्या हिश्श्याच्या पाण्यात भागतं. (पहाटे गोठ्याचं दार उघडलं की डोळ्यांना झोंबतो तो मात्र अमोनियाच. गोमूत्रातल्या युरियाचा जिवाणूंनी पुन्हा केलेला.) बेडकाची तर आणखीच गंमत. पाण्यातलं पिल्लू असताना तो मुख्यतः अमोनिया टाकतो, आणि पाय फुटून जमिनीवर आला की युरियावर येतो.

पाल आणि कावळा यांनी तिसरा रस्ता धरला, युरिक ॲसिडचा. ते बनवायला शरीराला शक्ती जास्त लागते, पण ते पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, त्यामुळे एका ग्रॅम नायट्रोजनला दोन चमचे पाणी पुरतं. पालीची लघवी मूत्रपिंडातून निघते तेव्हा पातळच असते. ती अवस्करात येते, म्हणजे विष्ठा, लघवी आणि अंडं या सगळ्यांच्या सामायिक दारापाशी. तिथे पाणी परत शोषलं जातं आणि उरलेली पांढरी पेस्ट लेंडीच्या टोकाला चिकटून बाहेर पडते. ओलं दिसणार कसं?

याचा संबंध अंड्याशीही आहे. कोंबडीचं पिल्लू 21 दिवस बंद कवचात असतं. तिथे अमोनिया साठला तर ते त्यातच मरेल. युरिक ॲसिडचे कण मात्र एका पिशवीत निपचित पडून राहतात. पिल्लू निघालेलं कवच आतून बघ, पांढरी घाण दिसेल.

माणसातही युरिक ॲसिड थोडं बनतं. ते मोडणारं विकर (एन्झाइम) आपल्या वंशात केव्हाच निकामी झालं, म्हणून ते रक्तात वाढलं तर सांध्यात सुयांसारखे स्फटिक होतात. आमच्या यजमानांचा पायाचा अंगठा दर हिवाळ्यात टोमॅटोसारखा सुजतो, तो यामुळेच. ‘तुमच्या अंगठ्यात आणि पालीच्या लेंडीत एकच माल आहे’ असं मी म्हटलं, तर दोन दिवस बोलले नाहीत.

तुला घरी पडताळायचं असेल तर ॲसिडच्या वाटेला जाऊ नकोस. दोन वाट्यांत पाणी घे. एकीत खताच्या पोत्यातला चमचाभर युरिया टाक. बघता बघता विरघळेल आणि वाटी हाताला गार लागेल. दुसरीत लेंडीचं पांढरं टोक टाकून रात्रभर ठेव. सकाळी तळाशी पांढरा गाळ तसाच असेल. पालीच्या विष्ठेत साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जिवाणू असू शकतो, तेव्हा लेंडी कागदाने उचल आणि नंतर हात साबणाने धू. आणि वाट्या स्वयंपाकघरातल्या घेऊ नकोस. नारळाच्या करवंट्या चालतील.