घासलेले फ्रेट त्याचे, ‘ओरिजिनल’ हा शब्द तुमचा

प्रश्न : बारा वर्षं वाजवलेली माझी पाच तारांची इलेक्ट्रिक बेस गिटार मी एका अनोळखी वादकाला विकली. मी स्वतः ती सेकंडहँडच घेतली होती. जाहिरातीत ‘भरपूर वाजवलेली, पिकअप ओरिजिनल’ असं लिहिलं होतं (पिकअप म्हणजे तारांचा कंप पकडून त्याचा विजेचा संकेत करणारे चुंबकी भाग). ‘विकलेली वस्तू परत घेणार नाही’ असा मेसेजही पैसे घेण्याआधी केला होता. त्याने घरी येऊन अर्धा तास वाजवून पाहिली आणि नेली. एकोणीस दिवसांनी त्याचा फोन आला. सगळ्यात जाड, खालच्या सुराची बी तार खडखडते, आणि फ्रेट (दांड्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) घासायला कारागिराकडे दिली तेव्हा दोन्ही पिकअप नंतर बसवलेले निघाले, असं तो म्हणतो. पूर्ण पैसे परत दे, नाहीतर पोलिसांत फसवणुकीची तक्रार करतो, अशी धमकी देतोय. पिकअपचं मला खरंच ठाऊक नव्हतं. पैसे द्यावे लागतील का?

उत्तर : सगळे बहुधा नाही. पण थोडे द्यायची तयारी ठेवा. तुम्ही पोलिसांना घाबरताय. तुमची खरी अडचण जाहिरातीतल्या एका शब्दात आहे.

बी तारेचं आधी संपवून टाकू. माझा भाचा बेस वाजवतो, त्याच्याकडून कळलेलं सांगतो. ही तार सेकंदाला साधारण ३१ वेळा कंप पावते, तिच्या शेजारची ई ४१ वेळा. एवढी जाड तार थोडी जरी ढिली पडली, फ्रेट झिजले किंवा नेकचा, म्हणजे गिटारीच्या दांड्याचा, बाक बदलला, की खडखडायला लागते. हवेतला दमटपणा बदलला किंवा वेगळ्या जाडीच्या तारा चढवल्या तरी नेक हलते. त्याने या एकोणीस दिवसांत तारा बदलल्या का, एवढं विचारून ठेवा. कायद्याच्या बाजूने तुम्ही इथे भक्कम आहात. मालविक्री अधिनियम, १९३० च्या कलम १६ प्रमाणे दर्जाची न बोललेली हमी मुख्यतः त्या मालाचा धंदा करणाऱ्यावर पडते. तुम्ही घरातलं एक वाद्य विकलंत. ‘भरपूर वाजवलेली’ असं लिहिलंत, त्याने वाजवून पाहिली. झीज त्याच्या पदरात.

आता पिकअप. वर्णनावरून वस्तू विकली तर ती वर्णनाबरहुकूम असलीच पाहिजे, असं त्याच कायद्याचं कलम १५ सांगतं, आणि ते दुकानदारापुरतं मर्यादित नाही. ‘मला ठाऊक नव्हतं’ या उत्तराने तुमची नियत स्वच्छ ठरते, वर्णन खरं ठरत नाही. आधीच्या मालकाने सांगितलेलं तुम्ही न तपासता पुढे लिहिलंत, एवढंच झालं असेल. पण लिहिलं तुम्ही. ‘परत घेणार नाही’ हा मेसेजही इथे फारसा उपयोगाचा नाही. हमी आपसांत ठरवून वगळता येते, कलम ६२ तशी मुभा देतं. मात्र एका हाताने ‘ओरिजिनल’ लिहून दुसऱ्या हाताने ते पुसल्याचा युक्तिवाद कोर्टाच्या गळी उतरवणं कठीण.

तरीही पूर्ण पैशांची त्याची मागणी डळमळीत आहे, आणि ती कारागिराच्या टेबलावर डळमळली. फ्रेट प्रत्यक्ष घासून झालेत की नुसती गिटार उघडून पाहिली? हे आजच विचारा. घासून झाले असतील तर त्याने मालकासारखं वागून वस्तूत कायमचा बदल केला. कलम ४२ नुसार तो माल स्वीकारल्याचा पुरावा धरता येतो. एकदा माल स्वीकारला की, कलम १३ प्रमाणे, सहसा वस्तू परत करता येत नाही, फक्त नुकसानभरपाई मागता येते. करार कायदा, १८७२ च्या कलम १९ खाली चुकीच्या माहितीवरून झालेला करार रद्द करायची मागणी तो करू शकतो. पण घासलेले फ्रेट पूर्ववत करून देणार कसे? फ्रेट शाबूत असतील तर मात्र त्याची बाजू बरीच वजनदार होते, हे मोकळेपणाने सांगतो. गिटार वाजवून पाहताना कोणी पिकअपचे स्क्रू काढत नाही, त्यामुळे ‘बघून घ्यायला हवं होतं’ असं तुम्हाला म्हणता येणार नाही.

भरपाई म्हणजे मूळ पिकअप असते तर गिटारीची जी किंमत आली असती आणि आहे तशी जी येते, त्यांतला फरक. तो सिद्ध करायचा त्याने. नंतर बसवलेले पिकअप कधीकधी मूळच्यांपेक्षा महागाचे असतात. तसं निघालं तर फरक जवळपास शून्य. म्हणून कोणते पिकअप आहेत ते कारागिराकडून लिहून मागा. आतल्या पोकळीचे आणि डागकामाचे फोटोही मागा. तुमच्याकडे कधी दुरुस्तीच्या वेळी काढलेले फोटो असतील तर शेजारी ठेवून बघा. मी खरेदीदारावर आरोप करत नाही, पण पिकअप विक्रीनंतर बदलले गेले नाहीत हे तुम्ही तपासायलाच हवं.

पोलिसांचं थोडक्यात. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खालच्या फसवणुकीला सुरुवातीपासूनच अप्रामाणिक हेतू लागतो. ‘भरपूर वाजवलेली’ असं स्वतःहून लिहिणाऱ्या, घरी बोलावून अर्धा तास वाजवू देणाऱ्या माणसाच्या बाबतीत तो दाखवणं सोपं नाही. बोलावणं आलं तर जा, जाहिरात आणि मेसेज दाखवा. त्याला ब्लॉक करू नका आणि चॅट पुसू नका. ज्या फोनवर ते आहे तो फोनही सध्या विकू नका. इलेक्ट्रॉनिक पुरावा कोर्टात द्यायचा तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं, आणि मूळ फोन हाताशी असला की ते काम सोपं होतं.

दिवाणी दाव्याला त्याच्याकडे साधारण तीन वर्षं आहेत, तेव्हा ‘विसरून जाईल’ यावर विसंबू नका. मी तुमच्या जागी असतो तर कारागिराचा कागद आल्यावर फरकाची रक्कम देऊ केली असती. फ्रेट शाबूत असले तर गिटारच परत घेतली असती, पण सीरियल नंबर जुळवून आणि ती ॲम्प्लिफायरला लावून बघितल्याशिवाय नाही. पैसे बँकेतून द्या. एका कागदावर गिटारीचं वर्णन, नंबर, रक्कम आणि ‘या व्यवहाराबाबत यापुढे कोणतीही मागणी नाही’ एवढं लिहून दोघांच्या सह्या घ्या. परत आलेली गिटार पुन्हा विकायला काढलीत, तर पिकअपपुढे त्या कारागिराने लिहून दिलेलं नाव टाका.