प्री-ऑर्डर करण्याआधी प्रिव्ह्यू कसा वाचावा : देवगडच्या प्रश्नाला उत्तर

देवगडहून आपण विचारले आहे की, येऊ घातलेल्या एका फॅन्टसी रोल-प्लेइंग गेमच्या दोन प्रिव्ह्यूंपैकी (म्हणजे गेम येण्याआधी त्याचा थोडा भाग खेळून लिहिलेल्या लेखांपैकी) एकाला लढाई उथळ वाटली, दुसऱ्याने गेमला डोक्यावर घेतले, आणि प्री-ऑर्डरची, म्हणजे आगाऊ खरेदीची, सवलत रविवारी संपते, तर विश्वास कोणावर ठेवावा. मी रत्नागिरीत राहतो आणि याच पेचात पूर्वी सापडलो होतो, म्हणून सविस्तर लिहितो. परीक्षण हा माझा व्यवसाय नाही. हे एका खेळणाऱ्याचे मत समजावे.

दोन्ही प्रिव्ह्यू खरे असू शकतात. शितावरून भाताची परीक्षा होते खरी, परंतु इथे शीत आपण उचललेले नसते, वाढणाऱ्याने निवडून दिलेले असते. कोणता भाग, किती वेळ, कोणत्या मशीनवर आणि कोणत्या लेव्हलचे पात्र घेऊन खेळायचे, हे बहुधा प्रकाशकच ठरवतो. उथळपणाची तक्रार करणाऱ्याच्या हाती दोनच कौशल्ये असलेले नवखे पात्र असेल, तर त्याचे म्हणणे प्रामाणिक असूनही पुढच्या प्रवासाविषयी फारसे काही सांगत नाही. ज्या लेखात या अटी दिलेल्याच नाहीत, तो कितीही ओघवता असला तरी मी बाजूला ठेवतो.

त्यानंतर काय बदलू शकते आणि काय नाही, हे पाहावे. 'बाल्डर्स गेट ३' या अशाच रोल-प्लेइंग गेमच्या २०२० मधील पहिल्या प्रात्यक्षिकात संवादांचे पर्याय भूतकाळी वाक्यांत होते. ते पुढे बदलले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अर्ली अ‍ॅक्सेस (अपुरा गेम आधीच विकत घेऊन खेळण्याची सोय) सुरू झाला, पण त्यात कथेचा पहिलाच अंक होता, त्यामुळे ऑगस्ट २०२३ मध्ये पूर्ण गेम आल्यावर तिसऱ्या अंकातील गजबजलेल्या शहरात अनेकांचा गेम जो अडखळला, तो आधीच्या खेळाडूंना दिसणे शक्यच नव्हते. गेम मध्येच बंद पडणे, चित्रांतील पृष्ठभागांचे धूसर पोत, चेहऱ्यांचे हावभाव यांवरून प्रिव्ह्यूत गेमला झोडपणे मला अन्यायाचे वाटते. लढाईची मूळ लय आणि लेखनाचा दर्जा मात्र शेवटच्या काही महिन्यांत सहसा पालटत नाही, म्हणून तिथली तक्रार मी गांभीर्याने घेतो.

माझे खरे नुकसान प्रिव्ह्यूने नव्हे, तर एका ऑनलाइन विक्रेत्याच्या तक्रार विभागाने केले. स्टीम या संगणकावरील गेमच्या ऑनलाइन दुकानातून घेतलेला गेम खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळून परत करता येतो. बाहेरच्या विक्रेत्याकडून घेतलेल्या कोडला (जो स्टीमवर टाकून गेम मिळतो) ही सोय नाही. विक्रेत्याच्या पानावर 'पैसे परत' असे ठळक अक्षरांत होते, पण कोड पाहिलेला नसावा ही अट अगदी तळाशी. त्यांच्या पहिल्याच ई-मेलमध्ये कोड उघडा छापून आला होता, आणि तरीही 'कोड पाहिला गेला आहे' हेच कारण देऊन मागणी फेटाळली गेली. ते म्हणत प्रकाशकाला लिहा, प्रकाशक म्हणे विक्रेत्याला विचारा. प्रत्येक उत्तरासोबत नवा तक्रार क्रमांक आणि तीच पावती पुन्हा जोडण्याची सूचना. ग्राहकाने कंटाळून गप्प बसावे यासाठीच ही रचना केलेली असते, असे माझे ठाम मत आहे. सगळेच विक्रेते असे नसतील. पण मी आता बाहेरून कोड घेत नाही.

तेव्हा आपली सवलत बाहेरच्या विक्रेत्याची असेल, तर ती जाऊ द्यावी. स्टीमवरची असेल, तर प्री-ऑर्डर गेम येईपर्यंत केव्हाही रद्द करता येते, त्यामुळे घाबरण्याचे कारण नाही. मात्र पात्राचा चेहरा घडवण्यात आणि सुरुवातीच्या शेडर-कंपाइलमध्ये (गेम आपल्या मशीनसाठी चित्रणाची तयारी करतो त्यात) गेलेला वेळही त्या २ तासांत मोजला जातो. म्हणून पहिल्या दिवशी तयार चेहरा निवडावा, थेट पहिल्या गर्दीच्या गावापर्यंत जावे आणि आपल्या मशीनवर गेम कसा चालतो ते तिथे पाहावे. पावसाळ्यात आपल्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नसतो, त्यामुळे डाउनलोड आदल्या रात्रीच पूर्ण करून ठेवावे.